भिंतीला हात लागल्यावर

टाइमकीपरला शर्यत दिसत नाही, हे सांगितलं तर कुणाला पटत नाही. पण खरंच नाही दिसत. सुरुवातीला डोळे स्टार्टरच्या दिव्यावर असतात. आवाजावर विसंबायचं नाही, असं पहिल्याच दिवशी शिकवतात. 25 मीटरवरून आवाज कानापर्यंत यायला सुमारे सात शतांश सेकंद लागतात, आणि आमच्याकडे सात शतांशात पदकं इकडची तिकडे होतात. दिवा लागला की बटण दाबायचं, घड्याळ चालू झालंय ना ते बघायचं, आणि मग आपल्या लेनमधलं मूल परत येईपर्यंत हातातल्या कागदाशी चाळा करत उभं राहायचं. शेवटच्या पाच-सात मीटरला पुढे व्हायचं, काठावरून वाकायचं आणि फक्त भिंत बघायची. कोण पुढे, कोण मागे, काही कळत नाही. हात लागला की पुन्हा बटण.

त्यानंतर मात्र जे दिसतं ते गॅलरीतल्या कुणालाच दिसत नाही. पाण्यातून वर येणारा चेहरा, आपल्यापासून जेमतेम हातभर अंतरावर.

गेली सहा वर्षं मी मुलांच्या पोहण्याच्या स्पर्धांना टाइमकीपर म्हणून उभी राहते. हौस म्हणा, सवय म्हणा. या सहा वर्षांत मला एक नाद लागला आहे: भिंतीला हात लावल्यावर मूल सगळ्यात आधी कुठे बघतं, ते टिपायचा. काही मुलं घड्याळाच्या बोर्डाकडे बघतात. काही शेजारच्या लेनकडे. काही कोचला शोधतात, आणि कोच जर त्या क्षणी दुसऱ्या कुणाशी बोलत असेल तर त्यांचा चेहरा असा पडतो की मलाच जाऊन त्या कोचला ढोसावंसं वाटतं. बरीचशी मुलं गॅलरीत बघतात, एका ठरावीक खुर्चीकडे. आणि काही थोडी मुलं कुठेच बघत नाहीत. भिंतीकडे तोंड करून तशीच राहतात, गॉगल काढत नाहीत. ती का काढत नाहीत हे कळायला मला एक अख्खा हंगाम लागला. गॉगलच्या आतलं पाणी तलावाचं नव्हतं.

प्रत्येक लेनला आम्ही तिघं असतो, तीन घड्याळं. दोन घड्याळं जुळली तर ती वेळ धरतात, तिन्ही वेगळी आली तर मधली. आणि तिन्ही वेगळी बऱ्याचदा येतात. एकच हात, एकच भिंत, तीन अनुभवी माणसं वाकून बघतायत, तरी आमचं एकमत होत नाही. पण त्याच तिघांना चहाच्या सुट्टीत विचारा, की अमुक मुलगा फायनलला का ढेपाळला. तिघंही एका सुरात सांगतील: मेंटली वीक आहे.

हा शब्द मी आता इतक्यांदा ऐकलाय की तो कानाला बोचेनासा झालाय. दहा वर्षांच्या मुलाबद्दलही तो वापरतात. पोरगं उंचीने अजून सूर मारायच्या ब्लॉकवर नीट चढत नाही, आणि त्याच्या मनाची ताकद आपण मोजून मोकळे.

माझ्याबद्दल हा शब्द कधी कुणी वापरला नाही. मी ‘टफ’ होते. माझ्या लहानपणी आमचे सर सगळ्यांना माझं उदाहरण द्यायचे. 200 मीटर बटरफ्लाय, म्हणजे दोन्ही हात एकदम पाण्याबाहेरून पुढे टाकत पोहायचं, हा माझा प्रकार. जे पोहत नाहीत त्यांच्यासाठी सांगते: पहिले 100 मीटर पोहता येतात, पुढचे 50 ओढता येतात, आणि शेवटच्या 50 मीटरला खांदे आपले राहत नाहीत. त्या शेवटच्या टप्प्यात मी कधी थांबले नाही, कधी रडले नाही. सरांचा नियमच होता, रडायचं असेल तर बाहेर जाऊन रडा आणि परत येऊ नका. एकदा टर्न घेताना माझ्या पायाचं बोट भिंतीवर असं आपटलं की नख उलटलं, तरी मी उरलेला सेट पूर्ण केला. सरांनी सगळ्यांना थांबवून माझ्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या. त्या टाळ्या मला अजून ऐकू येतात, खोटं कशाला बोलू.

सोळाव्या वर्षी एका साध्या मंगळवारी मी सरावाला गेले नाही. भांडण नाही, दुखापत नाही, काही नाही. बॅग भरलेली होती, मी दाराशी बसले होते, आणि उठलेच नाही. बुधवारीही नाही. पुढे अकरा वर्षं मी तलावात पाय घातला नाही. क्लोरीनचा वास आला तरी पोटात ढवळायचं. सगळ्यांना आश्चर्य वाटलं, कारण सोडणारी मुलं वेगळी असतात, अशी सगळ्यांची समजूत होती. हळवी, कुरकुरणारी. खरं तर ती कुरकुरणारी पोरं अजून पोहतात. त्यातली एक माझ्याबरोबर घड्याळ घेऊन उभी असते.

आता मागे वळून बघताना वाटतं, मला वेदनेची भीती कमी होती असं नव्हे. सरांची भीती जास्त होती. दोन भीतींपैकी मोठी जिंकायची, आणि बाहेरून ते धैर्यासारखं दिसायचं. सर खोलीत नसले की त्या धैर्याचं काय होतं, हे कुणी तपासलंच नाही. मीही नाही.

कडक शिस्तीच्या बाजूने बोलणारे लोक हमखास एक गोष्ट सांगतात, आणि गोष्ट खरी आहे. 2008 चं बीजिंग ऑलिंपिक, 200 मीटर बटरफ्लायची फायनल. मायकेल फेल्प्सने सूर मारला आणि त्याच्या गॉगलमध्ये पाणी शिरायला लागलं. शेवटच्या लांबीत त्याला समोरची भिंत दिसतच नव्हती. तो आपले स्ट्रोक मोजत गेला, कारण एका लांबीला आपल्याला किती लागतात हे त्याला पाठ होतं. हात लागला तेव्हा वेळ होती 1:52.03, विश्वविक्रम. आणि मग गोष्टीचा दुसरा भाग येतो: त्याचे कोच बॉब बोमन यांनी पूर्वी एका कमी महत्त्वाच्या स्पर्धेआधी मुद्दाम त्याच्या गॉगलवर पाय दिला होता, गॉगल गळला तर हा काय करतो ते बघायला. सांगणारा इथे थांबतो आणि आपल्याकडे बघतो. बघा, असं कडक वागलं की चॅम्पियन घडतात.

मी ही गोष्ट मनात बरीच उलटसुलट करून पाहिली आहे. बोमन फेल्प्सला तो साधारण अकरा वर्षांचा असल्यापासून शिकवत होते. त्यांनी गॉगल फोडला, पण फोडण्याआधी त्या मुलाच्या हातात दुसरं काहीतरी होतं, स्ट्रोकची मोजणी होती. एक गोष्ट काढून घेतली तर उरलेल्यावर भागवता यावं, इतकं आधी दिलेलं होतं. माझ्या ओळखीच्या निम्म्या कोचना गॉगलवर पाय देण्याचा भाग तेवढा आवडतो.

याच गोष्टीला एक तिसरा भागही आहे, जो व्यासपीठावर कुणी सांगत नाही. ऑलिंपिक संपलं की नैराश्य यायचं आणि 2014 मध्ये तर जगायचंच नव्हतं, असं फेल्प्सने स्वतः पुढे जाहीरपणे सांगितलं आहे. डोळ्यांत पाणी भरलेलं असताना भिंत शोधणारा हाच माणूस. पाण्यातली खंबीरता पाण्याबाहेर आपोआप येत नाही. कदाचित दोन्ही वेगवेगळ्याच गोष्टी असाव्यात आणि आपण त्यांना एकच नाव दिलं असावं.

मला स्वतःला फेल्प्सपेक्षा मेरी टी. मेहर या अमेरिकन जलतरणपटूची हकिकत जास्त जवळची वाटते. एकतर ती बटरफ्लायची. तिने 1981 मध्ये केलेला 200 मीटरचा 2:05.96 हा विक्रम 2000 सालापर्यंत कुणाला मोडता आला नाही. डॅनियल चॅम्ब्लिस नावाचे एक समाजशास्त्रज्ञ स्वतः पोहण्याचे कोच होते. पोहणारे श्रेष्ठ कशाने होतात यावर त्यांनी 1989 मध्ये एक निबंध लिहिला. त्यात मेहरचा उल्लेख आहे. तेराव्या वर्षी तिने ठरवलं की आपण विश्वविक्रम करायचा, आणि त्यासाठी सवयी बदलल्या फक्त दोन. एक, रोजच्या सरावाला वेळेवर यायचं. दोन, सरावातला प्रत्येक टर्न नियमाप्रमाणे घ्यायचा, दोन्ही हात एकदम भिंतीला लावून.

पोहणाऱ्यांना यातली गंमत लगेच कळेल. बटरफ्लाय आणि ब्रेस्टस्ट्रोकमध्ये दोन्ही हात एकाच वेळी भिंतीला लागले पाहिजेत, नाहीतर शर्यतीत डिसक्वालिफाय. पण सरावात कोण बघतंय? दमलेलं मूल एक हात टेकवतं आणि वळतं. मी आयुष्यभर तसंच केलं. नख उलटलेल्या पायाने सेट पूर्ण करणारी मी, टर्नला एक हात टेकवायचे. त्याला टाळ्या वाजत नाहीत ना. मेहरने मात्र रोज शेकडो वेळा दोन हात लावले, आणि चौदाव्या वर्षी, 1979 मध्ये, तिच्या नावावर विश्वविक्रम होता. दात-ओठ खाऊन केलेलं यात काहीच नाही. चॅम्ब्लिस यांचं म्हणणंही तेच आहे: जवळ जाऊन पाहिलं तर थोरपण म्हणजे साध्यासाध्या गोष्टींची रास निघते, आणि वरच्या पातळीवरच्या पोहणाऱ्यांना त्या कंटाळवाण्या गोष्टी मनापासून आवडतात.

मनापासून आवडणं. इथे माझी फजिती सुरू होते.

माझी मुलगी आठव्या वर्षी पोहायला लागली. मी तिला घातलं नाही, ती आपणहून गेली. निदान मी लोकांना असं सांगते. दहाव्या वर्षी ती स्पर्धेत उतरायला लागली तेव्हा मी ठरवलं होतं की माझ्या सरांसारखं अजिबात वागायचं नाही. ओरडायचं नाही, घाबरवायचं नाही. मग उत्साह वाढवायला काय करायचं? बक्षीस. स्वयंपाकघराच्या भिंतीवर मी एक तक्ता लावला. वेळ कमी झाली की चांदणी, दहा चांदण्यांना एक वस्तू. किती आधुनिक आई, असं मला वाटलं होतं.

सहा-सात महिन्यांनी लक्षात आलं, की ती 200 मीटरला नाव द्यायला तयार होत नाही. सगळ्या स्पर्धांना 50 मीटर, आणि तेही नवनवे प्रकार. बॅकस्ट्रोक, मग ब्रेस्टस्ट्रोक. मला आधी वाटलं, हिला विविधता आवडते. मग प्रकाश पडला: नव्या प्रकारात पहिल्या दोन-तीन वेळा वेळ हमखास उतरते. पोरगी चांदण्यांचा हिशोब करत होती, आणि चोख करत होती.

हे काही माझ्याच घरात घडलं नाही. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या तिघांचा 1973 चा प्रयोग मानसशास्त्र शिकणाऱ्या सगळ्यांना पाठ असतो. बालवाडीतली मुलं, ज्यांना स्केचपेनने चित्रं काढायला मुळातच आवडायचं. त्यातल्या काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना न सांगता नंतर दिलं, काहींना काहीच नाही. काही दिवसांनी वर्गात नुसते पेन ठेवले. कबूल केल्याप्रमाणे बक्षीस मिळालेली मुलं बाकीच्यांच्या मानाने साधारण निम्माच वेळ चित्रं काढत बसली. खेळ आता काम झाला होता. मी हे कॉलेजात शिकले होते, परीक्षेत लिहिलंही होतं. तरी तक्ता लावला. शिकलेलं आणि वागलेलं यांच्यामध्ये आई होणं येतं.

त्यात बाराव्या वर्षी तिचं शरीर बदलायला लागलं. या वयात पुष्कळ मुलींच्या वेळा गोठतात. उंची, वजन, खांदे-कमरेचं प्रमाण सगळं हलतं, पाण्यात शरीर जसं बसायचं तसं बसत नाही, आणि काल जमणारा स्ट्रोक आज परका वाटतो. सराव वाढवला तरी घड्याळ हलत नाही. वर्ष-दीड वर्षाचा हा काळ असतो. ज्यांना घड्याळ हीच एकमेव शाबासकी माहीत असते, त्यांच्याकडे या काळात उरतं काय? मी टिपून ठेवलेल्या चेहऱ्यांपैकी कितीतरी याच वयात दिसेनासे झाले. यादीत नाव नसतं, एवढंच. कुणी विचारत नाही.

मधल्या काळात कुठेतरी वाचलं, की नॉर्वेमध्ये मुलांच्या खेळासाठी नियमच आहेत: अकराव्या वर्षाआधी निकालांच्या याद्या आणि क्रमवारी लावायची नाही, राष्ट्रीय अजिंक्यपदं तेराव्या वर्षाआधी नाहीत. याच देशाने 2022 च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये 16 सुवर्णपदकं मिळवली, तोवर एका हिवाळी ऑलिंपिकमध्ये कोणत्याच देशाला जमली नव्हती इतकी. लोक लगेच एकाचा दुसऱ्याशी संबंध जोडतात. मला तेवढी खात्री नाही. बर्फ आणि पैसा दोन्ही त्यांच्याकडे भरपूर आहे. पण निदान यादी न लावल्याने पोरं बिघडत नाहीत, एवढं तरी नक्की. टाइमकीपरने असं म्हणणं म्हणजे बसल्या फांदीवर कुऱ्हाड, कबूल.

तर ती स्पर्धा. माझी मुलगी बारा वर्षांची, 200 मीटर बटरफ्लाय, माझ्याच आग्रहामुळे. स्वतःच्या मुलीच्या लेनवर मला कधी ठेवत नाहीत, आणि ते योग्यच आहे. ती चौथ्या लेनमध्ये, मी पाचव्या. उजव्या हातात स्पर्धेचं घड्याळ. डाव्या हातात, आता सांगून टाकते, माझं स्वतःचं. तिच्यासाठी. दोन्ही बटणं मी एकदम दाबायला शिकले होते.

माझ्या लेनमधली मुलगी आधी आली, उजवं बटण दाबलं. दोन सेकंदांनी चौथ्या लेनमध्ये हात लागले, डावं बटण दाबलं. ती वर आली. धापा टाकत होती, तोंड लाल झालेलं. तिने बोर्डाकडे पाहिलं नाही, कोचकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. मी तिच्यापासून दोन मीटरवर होते. आणि मी माझ्या डाव्या हाताकडे पाहत होते.

किती वेळ? अर्धा सेकंद असेल. मी मान वर केली तोवर ती गॉगल न काढता भिंतीकडे वळली होती.

त्या रात्री मी तक्ता काढला. तिने विचारलंसुद्धा नाही. मग मी पुस्तकं वाचून शहाणी व्हायचा प्रयत्न केला. शर्यत झाली की वेळ विचारायची नाही, प्रक्रियेबद्दल विचारायचं, असं त्यांत असतं. दोन-तीनदा मी तसे प्रश्न विचारले. “आज पाण्यात कसं वाटलं? काय शिकलीस?” तिसऱ्यांदा ती म्हणाली, “आई, तू कस्टमर केअरसारखं बोलतेयस.” मग मी गप्प बसायला शिकले, जे माझ्या स्वभावाला बटरफ्लायपेक्षा अवघड आहे.

गप्प बसण्याचा एक फायदा झाला. एकदा सरावाहून येताना ती आपणहून म्हणाली, “तिसऱ्या पन्नासला मला नेहमी वाटतं, आता सोडावं.”

मी काहीच बोलले नाही.

“तुला वाटायचं?”

“दरवेळी.”

“मग तू काय करायचीस?”

खरं उत्तर होतं, सरांचा चेहरा आठवायचे. ते मी तिला दिलं. ती बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, “मी मोजते. पाच स्ट्रोक. पाच झाले की परत पाच. सोडायचं असेल तर सहाव्याला सोडेन, असं सांगते स्वतःला.” तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. फेल्प्सची गोष्ट मी तिला कधी सांगितली नव्हती, मुद्दामच. आणि सहाव्याला सोडण्याची मुभा तिने स्वतःला खरीखुरी दिली होती. एकदा सरावात ती खरोखर सहाव्याला थांबली, दोरीला धरून श्वास घेतला आणि पुन्हा निघाली. आमच्या सरांनी तिला बाहेर काढलं असतं.

हल्ली माझ्या डोक्यात आणखी एक घड्याळ फिरत असतं. 2000 च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये इक्वेटोरियल गिनीचा एरिक मुसाम्बानी 100 मीटर फ्रीस्टाइलच्या हीटमध्ये, म्हणजे प्राथमिक फेरीतल्या एका शर्यतीत, उतरला. पोहायला शिकून वर्षही झालं नव्हतं, आणि 50 मीटरचा तलाव त्याने तोवर पाहिला नव्हता. हीटमध्ये तिघंच, बाकीचे दोघं चुकीच्या स्टार्टमुळे बाद झाले. हजारो लोकांसमोर तो एकटा पोहला. शेवटी तर बुडतोय की काय अशी अवस्था, पण पोहोचला. वेळ 1:52.72. आठ वर्षांनी फेल्प्सने पाणी भरलेल्या गॉगलने 200 मीटर बटरफ्लाय पोहून जी वेळ दिली, ती 1:52.03. एकाने दुप्पट अंतर कापलं, पण पाण्यात दोघं सारखाच वेळ होते, फरक एका सेकंदाहूनही कमी. माझ्या हातात नुसती ती दोन घड्याळं दिली असती, तर कोणतं कुणाचं हे मला सांगता आलं नसतं. मुसाम्बानी पुढे आपल्या देशाच्या पोहण्याच्या संघाचा कोच झाला. त्याच्या सरावात भिंतीला हात लावून पोरं वर येतात तेव्हा तो काय म्हणत असेल, असं मला फार वाटतं.

गेल्या महिन्यात पुन्हा 200 बटरफ्लाय होती. मुलगी आता तेरा वर्षांची. नाव तिने स्वतः दिलं होतं. या वेळी ती सहाव्या लेनमध्ये, मी दुसऱ्या, म्हणजे मध्ये तीन लेन. घरचं घड्याळ मी आणलं नव्हतं, त्यामुळे डाव्या हाताचं काय करायचं हे कळेना. शेवटी ब्लॉकची दांडी धरून उभी राहिले. दिवा लागला. पुढची अडीच-तीन मिनिटं मी प्रामाणिकपणे माझी लेन बघितली, थोडी कमी प्रामाणिकपणे सहावी. तिसऱ्या पन्नासला ती मंद झाली. थांबली नाही. शेवटच्या टर्नला दोन्ही हात एकदम लागले, तेवढं मला दिसलं.

ती पोहोचली तेव्हा तिने कुणाकडेच पाहिलं नाही. एक हात भिंतीवर ठेवून तिने डोकं पाण्याखाली घातलं आणि तिथेच राहिली, पाच मोजण्याइतकं. मग वर आली, गॉगल कपाळावर सरकवला आणि दोरीवरून शेजारच्या मुलीला काहीतरी म्हणाली. दोघी हसल्या. काय म्हणाली ते इतक्या लांबून ऐकू येणं शक्य नव्हतं, आणि पुढे मी विचारलंही नाही.

माझ्या लेनमधली मुलगी अजून पंचवीस मीटर लांब होती. सगळ्यात शेवटची. हात जेमतेम पाण्याबाहेर येत होते, आणि बाकीच्या लेनचे टाइमकीपर कागद भरून मोकळे झाले होते. मी दांडी घट्ट धरली, काठावरून वाकले आणि भिंतीकडे बघत राहिले.